चतुरांचे मीलन

पावसाळा ओसरताना भर उन्हात तळ्याकाठी, आपली सावली पाण्यावर न पाडता, जो निश्चल उभा राहील, त्यास काडीवर ठाण मांडून आपल्या हद्दीत शिरणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना पिटाळणारा नर चतुर सहज दिसेल. मादी येताच उदराच्या टोकावरील चिमट्यांनी तो तिचे मस्तक पकडतो; परंतु त्याचे जननरंध्र उदराच्या ९व्या खंडावर आणि समागमाचे इंद्रिय मात्र २ऱ्या-३ऱ्या खंडांखाली असल्यामुळे, शुक्र त्यास स्वतःच तेथे नेऊन ठेवावे लागते. मग मादी आपले उदर पुढे वळवून त्या इंद्रियास भिडवते आणि त्या युगुलाचे चक्र बनते.

चतुरांच्या नात्यातील सडपातळ टाचण्यांवर १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनाने असे सिद्ध केले, की नर आपले शुक्र देण्यापूर्वी मादीच्या देहात साठलेले पूर्वीच्या नराचे शुक्र खरवडून काढतो. आपल्याही वारसाची तीच गत होऊ नये, यास्तव अनेक जातींचे नर अंडी घालून होईपर्यंत मादीवर कडक पहारा ठेवतात. कोणी तिच्यावर घिरट्या घालतो, तर कोणी पकड सोडतच नाही. म्हणून मादी शेपटीचे टोक पाण्यावर टेकवताना दिसली, की निरीक्षकाने प्रथम आसपासच्या नराचा शोध घ्यावा.