स्प्रेडशीट, आज्ञावली आणि संशोधनाची पडताळणी : एक विवेचन

प्रस्तावना

सांख्यिकीय विश्लेषणात सरासरी, सहसंबंध किंवा प्रतीपगमन यांच्या सूत्रांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके ती सूत्रे ज्या साधनावर चालविली जातात त्या साधनाकडे दिले जात नाही. महाविद्यालयीन पातळीवरील लघुसंशोधन प्रकल्प, प्रश्नावलीवर आधारित सर्वेक्षणे आणि निकालांचे विश्लेषण ही कामे बहुधा स्प्रेडशीटवर होतात. स्प्रेडशीट हाताळण्यास सुलभ आहे, यात शंका नाही. तथापि मूळ माहितीपासून अंतिम तक्त्यापर्यंत कोणकोणते बदल झाले, याची सुस्पष्ट नोंद तिच्यात आपोआप राहत नाही. अशी नोंद का आवश्यक आहे आणि ती कशी ठेवता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

न विचारता होणारे बदल

स्प्रेडशीट भरलेल्या मजकुराचा अर्थ स्वतःच लावते. ‘सेप्ट२’ या जनुकाचे इंग्रजी संक्षिप्त नाव एक्सेलमध्ये भरले की त्याचे रूपांतर २ सप्टेंबर या तारखेत होते; ‘मार्च१’ या जनुकाचीही हीच गत होते. झीमन, एरेन आणि एल-ओस्टा यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले ३,५९७ शोधनिबंध तपासले. त्यांपैकी ७०४ निबंधांत, म्हणजे सुमारे एकपंचमांश निबंधांत, अशा चुका आढळल्या. अखेर जनुकांची नावे निश्चित करणाऱ्या समितीने २०२० पर्यंत ही नावेच बदलली. एक्सेलमध्ये हे रूपांतर बंद करण्याची सोय २०२३ मध्ये उपलब्ध झाली.

हा प्रश्न केवळ जीवशास्त्रज्ञांचा नाही. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. विद्यार्थ्यांचा कायम नोंदणी क्रमांक १६ अंकी असेल आणि तो संख्या म्हणून भरला गेला, तर शेवटचा अंक शून्य होतो. लागोपाठच्या अनेक विद्यार्थ्यांचे क्रमांक मग एकसारखे दिसू लागतात. अशा क्रमांकांच्या आधारे हजेरीची आणि गुणांची यादी एकत्र केल्यास एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतात. आणि एकदा गमावलेला अंक त्या फाइलमधून पुन्हा मिळत नाही.

माहिती गळण्याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. २०२० मध्ये कोविडच्या चाचण्यांची माहिती एकत्र करताना एक्सेलचे जुने स्वरूप वापरले गेले. त्यात एका पत्रकावर ६५,५३६ ओळीच मावतात. मर्यादेपलीकडील नोंदी गळाल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नावे वेळेवर संपर्कशोधासाठी पोहोचली नाहीत.

सूत्राची अपुरी व्याप्ती

कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा २०१० मधील निबंध सरकारी खर्चकपातीच्या चर्चेत वारंवार उद्धृत झाला. ज्या विकसित देशांचे सार्वजनिक कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असते, त्यांचा सरासरी वृद्धिदर उणे ०.१ टक्का असतो, असे त्यात दाखविले होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातील स्वाध्याय म्हणून हे आकडे पुन्हा काढण्याचा प्रयत्न केला, ते जुळेनात. मूळ लेखकांनी आपली फाइल त्यास दिली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्याचे दिसले. हर्नडन, अ‍ॅश आणि पॉलिन यांनी २०१३ मध्ये हा दर २.२ टक्के असल्याचे मांडले. या फरकात सुटलेल्या ओळींचा वाटा लहान होता. काही वर्षांची माहिती वगळणे आणि देशांना भार देण्याची पद्धत ही मोठी कारणे होती. लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, इतर आक्षेप मान्य केले नाहीत. तरीही वाद नेमका कशाविषयी आहे हे सर्वांना कळले, ते फाइल उघड झाल्यामुळेच.

आज्ञावलीचा मार्ग

या अडचणीवरील एक उपाय म्हणजे विश्लेषणाची प्रत्येक पायरी लिखित आज्ञेच्या स्वरूपात ठेवणे. ‘आर’ ही भाषा यासाठी विशेष उपयुक्त आहे. बेल प्रयोगशाळेत १९७६ पासून विकसित झालेल्या ‘एस’ या भाषेच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती निर्माण केली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्याने मर्यादित अनुदानाच्या महाविद्यालयांसही सहज वापरता येते.

‘आर’मध्ये मूळ फाइल वाचणे, अपूर्ण नोंदी वगळणे, गट पाडणे आणि चाचणी लावणे या सर्व आज्ञा क्रमाने एका फाइलमध्ये लिहिल्या जातात. कोणती नोंद कोणत्या निकषावर वगळली, हे दुसऱ्या व्यक्तीस वाचता येते आणि तीच आज्ञावली चालवून निष्कर्ष पडताळता येतो.

अर्थात, आज्ञावली चूक टाळतेच असे नाही. ‘आर’च्या ४.०.० पूर्वीच्या आवृत्त्या मजकुराचा स्तंभ वाचताना त्याचे आपोआप वर्गांत रूपांतर करीत. वयाच्या स्तंभात एका ठिकाणी ‘माहीत नाही’ असे लिहिलेले असल्यास संपूर्ण स्तंभ वर्ग ठरे आणि त्याच्या संख्या करू पाहता वयाऐवजी वर्गाचा अनुक्रमांक हाती येई. २०२० मध्ये ही पद्धत बदलण्यात आली. मात्र येथे चूक ज्या ओळीत झाली, ती ओळ लिखित स्वरूपात शिल्लक असते आणि म्हणून शोधता येते.

निष्कर्ष

स्प्रेडशीटचा त्याग करणे आवश्यक नाही. माहिती भरण्यासाठी ती सोयीचीच आहे. मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरते. मूळ फाइलमध्ये बदल करू नये. ओळखक्रमांकांचे स्तंभ भरण्यापूर्वीच मजकूर म्हणून निश्चित करावेत. प्रत्येक पायरीनंतर ओळींची संख्या मोजावी. विश्लेषणाची आज्ञावली आणि प्रणालीची आवृत्ती यांची नोंद प्रबंधासोबत जोडावी. मार्गदर्शक आणि परीक्षक आज बहुधा छापील तक्ताच पाहतात. तक्ता कसा तयार झाला हे त्यांना पाहता येत नसेल, तर समीक्षण केवळ भाषेचे आणि मांडणीचे होते. एका विद्यार्थ्याचा वर्गातील स्वाध्याय जगभर चर्चिलेला आकडा तपासू शकला, कारण ती फाइल त्याच्या हाती आली. आपल्या विद्यार्थ्यांसही ही संधी मिळावी, यासाठी अध्यापकांनी प्रथम स्वतःच्या फाइली तपासणीसाठी खुल्या करणे इष्ट होय.