सोनेरी पिल्लू आणि खापरखेड्याचा उन्हाळा

नागपूरच्या उत्तरेस, कोलार आणि कन्हान या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले खापरखेडा महाराष्ट्राला परिचित आहे ते तेथील १३४० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक विद्युत केंद्रामुळे. त्या केंद्राच्या उंच चिमण्यांच्या छायेतील एखाद्या घरात, सोनेरी केसांचे आणि लोंबत्या कानांचे दोन महिन्यांचे पिल्लू जेव्हा प्रथम पाऊल टाकते, तेव्हा त्या घराने एवढे ध्यानात घेतले पाहिजे की, या जीवाची घडण ज्या मुलखात झाली त्या मुलखाचे हवामान आणि आपले हवामान यांत काडीचेही साम्य नाही.

गोल्डन रिट्रीव्हर हा कुत्रा मूळचा स्कॉटलंडच्या डोंगराळ, शीत प्रदेशातला. तेथील एका जहागिरीचे मालक डडली मार्जोरीबँक्स, जे पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झाले, त्यांनी १८६५ साली ‘नूस’ नावाचा पिवळा शिकारी कुत्रा विकत घेतला, आणि ‘बेल’ नावाच्या, पाण्यात निर्भयपणे उतरणाऱ्या स्पॅनियल कुत्रीपासून त्याला १८६८ साली झालेल्या पिवळ्या पिलांतून हा वंश चालत आला. कित्येक वर्षे लोक या कुत्र्याचे मूळ रशियन सर्कशीत शोधीत असत. जहागिरीच्या श्वानगृहाचे जुने दप्तर १९५२ साली प्रकाशात आले तेव्हा कुठे त्या दंतकथेचा निकाल लागला. टिपलेला पक्षी गार पाण्यातून, त्याला दाताचा ओरखडाही न लागू देता, धन्याच्या हाती आणून देणे हे या कुत्र्याचे काम. म्हणूनच त्याच्या अंगावर केसांचे दुहेरी आवरण आहे, वरचे पाणी निथळून टाकणारे आणि आतले लोकरीसारखे दाट. आणि म्हणूनच तोंडात सतत काहीतरी धरण्याची त्याची ओढ उपजत आहे.

आता हे आवरण नागपूरच्या उन्हात कसे निभावते याचा विचार करावा. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपाच्या दिवसांत ४५ अंशांचे आम्हा वैदर्भीयांना नवल वाटत नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाने घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरचा आणि तोंडातला ओलावा हवेत उडवणे हाच त्याचा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य उपाय. तेव्हा सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि सायंकाळी जमीन निवल्यावरच पिलाला बाहेर काढावे, आणि काढण्यापूर्वी आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहावी. जो चटका आपल्याला सोसवत नाही तो त्याच्या कोवळ्या पंजांना कसा सोसवेल? उन्हाळ्यात केस मुळापासून भादरून टाकण्याची सूचना अनेकजण सद्भावनेने करतात, पण ती मानू नये; ते केस त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात आणि भादरल्यावर पुष्कळदा पूर्ववत येतही नाहीत. त्यापेक्षा नित्य विंचरून आतली गळती लोकर काढून टाकणे हिताचे. वाळ्याचा कूलर कोरड्या मे महिन्यात उत्तम काम देतो, परंतु पावसाळ्यातल्या दमट हवेत कूलरही निरुपयोगी आणि धापाही निष्फळ, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पिल्लू अतिशय लाळ गाळू लागले, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर उन्हाच्या तडाख्याची ती लक्षणे जाणून त्याच्या अंगावर पाणी ओतावे, पंखा लावावा आणि विनाविलंब पशुवैद्य गाठावा. हे पाणी गच्चीवरच्या टाकीतले तापलेले नसावे.

पिल्लू आणण्याची घाई करू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिलाची विक्री करण्यास मनाई आहे आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी असणे बंधनकारक आहे. ते दाखले मागून पाहण्यात संकोच कसला? माझ्या मते विदर्भात पिल्लू आणावे ते दिवाळीनंतर, म्हणजे फटाकेही सरलेले असतात आणि उन्हाळ्यापूर्वी त्याला अंग धरण्यास चार महिने मिळतात. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणाऱ्या लसी सोळा आठवड्यांपर्यंत ठरल्या मुदतीत द्याव्यात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, म्हणून लसी पुऱ्या होईपर्यंत पिलाला रस्त्यावर सोडू नये. मात्र याच वयात त्याला जगाची ओळख व्हावी लागते, यास्तव कडेवर घेऊन कोळशाच्या मालगाडीचा खडखडाट, बाजाराची गजबज, लहान मुलांचा कोलाहल हे सारे त्याला दुरून ऐकवावे. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून कार्यरत आहे, आणि मोठ्या तपासणीसाठी ते खापरखेड्याहून फारसे दूर नाही.

आहाराच्या बाबतीत आपल्या घरांतून अतिप्रेमानेच अपाय होतो. हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचे औषध पाजण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी आहे. पण झपाट्याने वाढणाऱ्या या थोराड जातीच्या पिलाला योग्य आहारावर अधिकचे कॅल्शियम दिले तर हाडांची वाढच विकृत होते. गाईचे दूध त्याला बहुधा पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही त्याला विषासमान, म्हणून सावजी रश्श्यात बुडवलेला पोळीचा तुकडा किंवा शिऱ्यातल्या मनुका त्याच्यापुढे कधीही टाकू नयेत. प्रारंभी दिवसातून चार वेळा, पुढे तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा खाणे द्यावे. गुळगुळीत फरशीवर जाजम अंथरावे, कारण या जातीत खुब्याच्या सांध्याचा विकार आनुवंशिक आहे आणि पाय घसरण्याने तो बळावतो.

पहिल्या काही रात्री पिल्लू आईसाठी रडेल. त्याचे अंथरूण आपल्या खाटेजवळ घ्यावे, अंधाऱ्या ओसरीत बांधू नये. चवथ्या महिन्याच्या सुमारास त्याचे अठ्ठावीस दुधाचे दात पडू लागतात आणि बेचाळीस पक्के दात येईपर्यंत घरातली एकही चप्पल निर्धास्त नसते. ती पळवली म्हणून त्याच्यामागे धावू नये किंवा ओरडू नये. खाली बसावे, हाक मारावी, हातावर खाऊचा तुकडा धरावा. ते येते, चप्पल अलगद पायाशी ठेवते, आणि पाहावे तर तिच्यावर दाताचा ओरखडासुद्धा नसतो.