सर्दलेली दारू : कर्जत-खालापूर परिसरातील ठासणीच्या बंदुकीचा एक विचार

बंदुकीच्या काळ्या दारूचे घटक तीन : सोरा, गंधक आणि लोणारी कोळसा. इतिहासग्रंथांत या दारूचा उल्लेख वारंवार येतो; तथापि ती टिकत कशी असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या कर्जत-खालापूर भागात तोच प्रश्न मुख्य ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचे रासायनिक व ऐतिहासिक अंगाने विवेचन केले आहे.

दारूत सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचा असतो. ज्वलनास लागणारा प्राणवायू तोच पुरवितो, म्हणून नळीत बंद असतानाही दारू पेट घेते. शुद्ध सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हवेतील ओलावा फारसा शोषत नाही. परंतु मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात कॅल्शियम नायट्रेट व मीठ मिसळलेले असते आणि ही द्रव्ये पाणी ओढून घेतात. कोळसा सच्छिद्र असल्याने तोही ओल धरतो. घरगुती दारू पावसाळ्यात निकामी होते ती प्रामुख्याने या अशुद्धतेमुळे. प्रमाण चुकल्याचा दोष तिला उगाच दिला जातो.

सुमारे १७१५ मध्ये सिद्ध झालेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त याची नेमकी जाण आढळते. गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू सर्द होऊ देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावी, असा त्याचा आशय आहे. रसायनशास्त्राची परिभाषा नसताना अनुभवाने काढलेला हा निष्कर्ष आजही अचूक वाटतो. कर्जत तालुक्यातील कोथळीगड हा मराठ्यांच्या शस्त्रसाठ्याचा किल्ला होता. १६८४ मध्ये मोगलांनी तो घेतला. अशा गडावर चार महिने धुक्यात साठा राखणे ही लढाईइतकीच कसोटी असली पाहिजे. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी झाली ती फेब्रुवारी १६६१ मध्ये, कोरड्या ऋतूत. मोहिमा दसऱ्यानंतर निघत, त्यामागे नद्यांचे पूर व वैरण ही मोठी कारणे होती. दारूचा कोरडेपणा हे त्यांत जोडावयाचे आणखी एक कारण.

ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी किंवा छर्रे तोंडातून घालून गजाने ठासतात. कानाजवळची रंजक पेटली आणि आतली दारू ओली असली, तर बार फुसका जातो. (मराठीतील 'फुसका बार' व 'ठासून सांगणे' हे प्रयोग याच क्रियेची आठवण देतात.) फुसका बार निरुपद्रवी मात्र नसतो. दारू धुमसत राहून बार काही क्षणांनी उडू शकतो. तेवढ्यात नळीत डोकावणारा जिवास मुकतो. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. सर्दलेल्या दारूचा जोर कमी पडतो म्हणून माप वाढविले जाते. तेच माप कोरड्या दारूचे भरले की जुनी नळी फुटते. रानडुकरे भातावर येतात ती भाद्रपद-आश्विनात, म्हणजे दारूचा भरवसा सर्वांत कमी असतो तेव्हाच.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र बंदुकीच्या परवान्याने दारू तयार करण्याची मुभा मिळत नाही. ती बाब १८८४ च्या स्फोटक पदार्थविषयक कायद्याखाली येते आणि तिच्यासाठी वेगळा परवाना लागतो.