नेच्याची तहान

शहरातल्या बिऱ्हाडांना अंगण उरले नाही, तुळस गॅलरीच्या कठड्यावर जाऊन बसली; हिरवाईची हौस मात्र होती तेवढीच राहिली. त्या हौसेपायी श्रावणात एखादी नेच्याची कुंडी घरात येते. दोन महिने ती अशी फोफावते, की आल्यागेल्याने कौतुक करावे. मग दिवाळी येते. इकडे फराळाचे डबे भरतात आणि तिकडे नेच्याची पाने कडेने करपू लागतात. घरची मंडळी हळहळतात आणि जो तो तांब्याभर पाणी ओततो : सकाळी आजी, दुपारी सूनबाई, शाळेतून आल्यावर नातू. संक्रांतीच्या सुमारास कुंडीत नुसती माती उरते.

यात माया कमी पडली असे कोण म्हणेल? चुकते ते तहान ओळखण्यात. पाऊस गेला की हवा कोरडी होते, आणि नेच्याला मुळांपाशी पाणी हवे तितकाच पानांभोवती दमटपणा हवा असतो. जुन्या विहिरीत डोकावून पाहा. हंसराज नावाचे नाजूक नेचे पाण्यात उगवत नाही. पाण्याच्या वर, दगडांच्या फटीत उगवते. मुळांशी ओल आहे, पण पाणी साचत नाही, आणि भोवतालची हवा सदैव दमट. नेच्याचे सारे पथ्यपाणी त्या विहिरीत आहे.

हे घराणेच मोठे पुरातन. फुलझाडे पृथ्वीवर आली त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून नेचे आहेत. त्यांना फूल नाही, बी नाही. पानांच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या नेटक्या रांगा दिसतात, त्यांत बीजाणू असतात. कीड समजून ती पाने खुडू नयेत. बीजाणू ओलीवर रुजला, की नखाहून लहान असा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावर नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्रीपेशीपर्यंत पोहोचते, तेव्हा कुठे नवे नेचे जन्मते. ओलाव्याशी असलेले हे नाते त्याने अजून सोडलेले नाही.

लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना नेच्यांचा भारी नाद. पण शहराच्या धुरात ती जगेनात. 1829 साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला, तर त्या मातीतून गवत आणि नेचे उगवले! मातीतली वाफ काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. वरून थेंबभर पाणी न घालता ती रोपे सुमारे चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि त्या पाण्यानेच ती मेली. अशाच काचपेट्यांतून नंतर चीनमधील चहाची रोपे भारतात आली.

आता आपल्या कुंडीकडे वळू. पाणी घालण्याआधी बोट मातीत पेरभर खुपसून पाहावे. ओल लागली तर थांबावे. वरचा थर सुकू लागला असेल तर तळाच्या भोकातून पाणी झिरपेपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. पानांच्या कडा कुरकुरीत होत असतील आणि माती ओली असेल, तर हवा कोरडी आहे असे समजावे. माती चिंब असूनही पाने पिवळी पडून माना टाकत असतील, तर मुळे कुजत आहेत. तेथे आणखी पाणी म्हणजे विषच.

हवेतल्या दमटपणासाठी पसरट ताटलीत खडे घालून पाणी ओतावे आणि कुंडी खड्यांवर ठेवावी. तिचा तळ पाण्याला टेकता कामा नये. उजेड भरपूर हवा, पण भर उन्हाचा नको. पंख्याखाली किंवा वातानुकूलन यंत्रासमोर तिला बसवू नये. उजेड येत असेल, तर न्हाणीघराची खिडकी उत्तम. मुंबईच्या दमट हवेत एवढे जपावे लागत नाही. पुणे, नाशिक, नागपूरकरांनी मात्र हिवाळ्या-उन्हाळ्यात विशेष लक्ष द्यावे.

आणि पाने वाळली म्हणून लगेच कुंडी उपटू नये. वाळलेली पाने बुडाशी कापावीत आणि मधोमध निरखून पाहावे. तेथे बारीक चकलीसारखी हिरवी गुंडाळी दिसली, तर नेचे जिवंत आहे. ती उलगडेपर्यंत आजींनी, सूनबाईंनी आणि नातवाने तांब्या थोडा आवरता घ्यावा.