पांबनचा रेल्वे पूल : बांधणी, आपत्ती आणि देखभाल

प्रास्ताविक
महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींत रामेश्वरचा समावेश बहुधा तीर्थक्षेत्र म्हणून केला जातो. मंडपम येथून बेटाकडे जाताना समुद्रात दिसणारा जुना रेल्वे पूल मात्र गाडीच्या खिडकीतून पाहून सोडून दिला जातो. वस्तुतः एखादी वास्तू कोणत्या हेतूने उभी राहते, तो हेतू संपल्यावरही का टिकते आणि कशाच्या बळावर टिकते, या प्रश्नांचा अभ्यास करण्यास हे स्थळ अत्यंत उपयुक्त आहे. प्रस्तुत लेखात पांबन पुलाच्या इतिहासाचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

उभारणीमागील हेतू
साउथ इंडियन रेल्वे कंपनीने बांधलेला हा पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीस खुला झाला. भारत आणि सिलोन यांना जोडणे हा त्यामागील प्रमुख हेतू होता. प्रवासी रेल्वेने धनुष्कोडीपर्यंत जात आणि तेथून आगबोटीने तलैमन्नार गाठत. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या या पुलास सुमारे १४५ गाळे होते. दीर्घकाळ हा देशातील सर्वांत लांब सागरी पुलांपैकी एक होता.

उघडणारा गाळा
पांबनच्या खाडीतून जहाजांना वाट देणे आवश्यक असल्याने पुलात एक उघडणारा गाळा ठेवण्यात आला. अमेरिकन अभियंता विल्यम शेर्झर याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत गाळ्याची दोन पाती असतात. प्रत्येक पात्याचे मागील टोक वर्तुळखंडाच्या आकाराचे असून ते रुळासारख्या पट्टीवर मागे घरंगळते आणि पाते वर उचलले जाते. मागील बाजूच्या प्रतिभारामुळे पात्याचे वजन तोलले जाते. त्यामुळे एवढे अवजड पोलादी पाते कामगारांना हाताने यंत्र फिरवून उघडता येत असे.

१९६४ चे वादळ
२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले. तेथे निघालेली प्रवासी गाडी लाटांखाली गेली आणि तीतील प्रवाशांचा अंत झाला. पुलाच्या १२६ गाळ्यांचे गर्डर वाहून गेले. उघडणारा गाळा मात्र बचावला. दुरुस्तीसाठी प्रथम सहा महिन्यांची मुदत ठरली होती, ती पुढे तीन महिन्यांवर आणण्यात आली. तरुण अभियंता ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून पुन्हा बसविण्यात आले आणि ४६ दिवसांत पूल पूर्ववत झाला.

धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पुन्हा उभारला गेला नाही. अशा रीतीने धनुष्कोडीमार्गे सिलोनला जाणारी वाट बंद झाली, तरी पुलाची गरज संपली नाही. १९८८ मध्ये शेजारचा रस्त्याचा पूल खुला होईपर्यंत बेटवासीयांना व यात्रेकरूंना मुख्य भूमीशी जोडणारा हाच एकमेव पूल होता.

देखभालीचा इतिहास
खाऱ्या वाऱ्यात पोलाद सतत गंजते. म्हणून रंगकाम, तपासणी आणि झिजलेले भाग बदलणे ही कामे येथे अखंड चालत. २००७ मध्ये मार्ग मीटर गेजवरून ब्रॉड गेज झाला, तेव्हा जुन्या पुलासच वाढीव भारासाठी बळकट करण्यात आले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव त्यावरील रेल्वे वाहतूक थांबली. ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा विद्युतयंत्रांच्या साहाय्याने सरळ वर उचलला जातो.

निष्कर्ष
उद्घाटनाची तारीख कोनशिलेवर कोरली जाते. १०८ वर्षे पूल चालता ठेवणाऱ्या रंगाऱ्यांची, गँगमनांची व पाती उघडणाऱ्या कामगारांची नावे तेथे नसतात. त्यांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविणे हे तातडीचे कार्य आहे, कारण पोलादाचे तुकडे संग्रहालयात ठेवता येतात, परंतु ते हाताळण्याचे कौशल्य माणसांबरोबरच जाते. शैक्षणिक सहलीत विद्यार्थ्यांनी एका कामगाराची मुलाखत नोंदविली, तरी त्या भेटीचे सार्थक होईल.