निजामाचं नाव नको, दप्तर हवं

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यासाठी आठ दिवसांच्या अंतराने दोन सरकारी कागद निघाले. ७ तारखेला निजामकालीन नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले कसे द्यायचे, हे ठरवायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. १५ तारखेला, सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाचा उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला. ज्याचं नाव पुसलं, त्याच्याच राजवटीची बाडं आपली ओळख शोधायला उघडली. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. साम्राज्य मोडल्यावर माणसांकडे कागद उरतात ते त्याचेच.

सोव्हिएत संघाच्या अभ्यासकांनी हे बारकाईने दाखवलंय. फ्रान्सिन हिर्श यांच्या ‘एम्पायर ऑफ नेशन्स’ (२००५) या पुस्तकात खानेसुमारी, नकाशे आणि मानववंशशास्त्रज्ञ यांनी मिळून ‘राष्ट्रीयतां’ची यादी कशी बनवली, ते येतं. १९२४ मध्ये मॉस्कोने मध्य आशियात उझबेक, तुर्कमेन अशा प्रजासत्ताकांच्या सीमा आखल्या. १९३२ पासून अंतर्गत पासपोर्टवर राष्ट्रीयतेचा रकाना आला. समरकंद-बुखाऱ्यात घरोघर ताजिक आणि उझबेक दोन्ही बोलली जात. कागदावर मात्र एकच लिहायचं. १९९१ नंतर लेनिनचे पुतळे उतरले, पण नवे देश उभे राहिले ते त्याच सीमांवर.

आपल्याकडेही बांधावर ‘कुणबी’ आणि सोयरिकीत ‘मराठा’ म्हणवणारा माणूस एकच असू शकतो. रकान्याला हे चालत नाही. त्यामुळे पटवाऱ्याने तेव्हा काय लिहिलं, यावर आज नातवाचं आरक्षण ठरतं आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव येतो. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने तर निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरच आधाराला घेतलं.

नाव बदलणं त्या मानाने सोपं, तरी तेही अर्धंमुर्धंच होतं. सेंट पीटर्सबर्गला जुनं नाव परत मिळालं, पण भोवतालचा प्रांत लेनिनग्राडच राहिला. धाराशिवकरांनीही २०२४ ची लोकसभा ‘उस्मानाबाद’ मतदारसंघातूनच लढवली.

अवघड आहे ती आठवण. लाल सैन्य आलं ती मुक्ती की नवी सत्ता, यावरून २००७ मध्ये एस्टोनियात टॅलिनमध्ये एका सोव्हिएत सैनिकाच्या पुतळ्यापायी दंगल झाली. आपल्याकडे निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं पोळली होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेने नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्यानंतर मुसलमानांवर जे हल्ले झाले, त्यांत सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालाने उस्मानाबादही धरला होता. १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाच्या भाषणात तो अहवाल माझ्या तरी कानावर आलेला नाही.