वाऱ्यावर स्वार होण्यापूर्वी

कॅलिफोर्नियातील हॉइल श्वायत्झर व जिम ड्रेक यांनी फळी आणि शीड चहूकडे वळणाऱ्या सांध्याने जोडून १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९८४ मध्ये विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्येही दाखल झाले.

नवशिक्याला भुरळ पडते ती लहान, वेगवान फळीची. परंतु पाहावयाचे असते तिचे घनफळ. एक लिटर घनफळ साधारणतः एक किलो भार तोलते. सत्तर किलो वजनाची व्यक्ती, फळी, डोलकाठी व शीड मिळून भार नव्वद किलोंच्या घरात जातो. अशा वेळी १०० लिटरची फळी जेमतेम तरंगते; तिच्यावर तोल सावरणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे ठरते. म्हणून आरंभी १८० ते २०० लिटरची, रुंद फळी निवडावी. तिच्या मध्यभागी खाली उतरणारे पाते असावे. त्यामुळे फळी आडवी वाहत जात नाही व किनाऱ्याकडे परतणे सुकर होते. मंद वाऱ्यात चार-पाच चौरस मीटरचे हलके शीड पुरेसे होते.

लाइफ जॅकेट अनिवार्य समजावे. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असल्यास पाण्यात उतरू नये आणि संकटात फळी कदापि सोडू नये.

कौशल्य वाढताच लहान फळी हवीशी वाटते. तेव्हा पहिले धडे प्रशिक्षण केंद्राच्या साहित्यावर गिरवून मगच खरेदी करणे श्रेयस्कर.